बनी तो बनी, नहीं तो नक्कल

कुणाचं मोडलं ही बातमी देवगाव फाट्यावर न्यायाधीशांची सही वाळायच्या आत पोचते. बऱ्याचदा सही व्हायच्या आधीच पोचते. जिंतूर, मंठा आणि सेलू अशा तीन अंगांनी माणसं इथं उतरतात, पुढच्या गाडीची वाट बघतात, आणि वाट बघणाऱ्याकडं बोलायला दोनच विषय असतात: कापसाचा भाव आणि दुसऱ्याचा संसार. भाव पाच मिनिटांत शिव्या देऊन संपतो. संसार मात्र जिंतूरची गाडी येऊन गेली तरी संपत नाही. मग "पुढची बघू" म्हणून माणूस पुन्हा बाकड्यावर टेकतो.

या बाकड्यांना सगळं ठाऊक असतं. कोण दिवाळीला माहेरी आली ती परत नांदायला गेलीच नाही, कुणाच्या पोराचं पुण्यात भलतंच काही निघालं, पोटगी कितीवर ठरली आणि त्यातली किती हातात पडली. अडचण एवढीच की या माहितीला शिक्का नसतो. सरकारला, बँकेला आणि नव्या सासऱ्याला तर शिक्काच लागतो. त्यामुळं ज्याचं लग्न मोडल्याचं सगळ्या पंचक्रोशीला तोंडपाठ, तोच गडी एक दिवस आपलं लग्न मोडल्याचा पुरावा शोधत हिंडायला लागतो. जी गोष्ट झाकायला घरादारानं आटापिटा केला, तीच आता चारचौघांपुढं धरायची असते, आणि नेमकी धरायलाच सापडत नाही. फाट्यावर मी चार ओळी बऱ्या लिहिणारा आणि मोबाईलवर काहीबाही शोधून देणारा म्हणून ओळखला जातो. त्यामुळं या मोहिमा फिरत फिरत माझ्यापाशी येतात.

मुळात या भागातल्या बऱ्याच सोयरिकी फाट्याच्या कृपेनंच जुळतात असं माझं मत आहे. मुलगी मंठ्याकडची, म्हणजे जालना जिल्हा. मुलगा जिंतूरकडचा, म्हणजे परभणी. बघायचा कार्यक्रम झाला की बोलणी कुठं करायची? "फाट्यावर बसू, दोघांला मधी पडतंय." मराठवाड्यात 'यादी पे शादी' हा प्रकार लोकप्रिय आहे. याद्या करायला बसायचं आणि लग्न लावूनच उठायचं. त्या यादीत कपाट, पलंग, पिंप, ताटं-वाट्या आणि कूलर अशा क्रमानं संसार लिहिलेला असतो.

मोडायची बैठकसुद्धा इथंच होते, आणि कारणही तेच: मधी पडतंय. दोन्हीकडची पाच-पाच माणसं, एक सरपंच, एक माजी सरपंच आणि एक असा प्रतिष्ठित माणूस, ज्याला दोन्ही बाजू ओळखत नाहीत, पण तो आपल्या बाजूचा आहे असं दोघांनाही वाटतं. जुनी यादी काढली जाते आणि उलटीकडून वाचली जाते. ताटं-वाट्या परत, पिंप परत, पलंगाचा एक पाय मोडलेला आहे तो तसाच परत. कूलरपाशी गाडी हटकून अडते, कारण या बैठका शेतीची कामं नसताना, म्हणजे भर एप्रिल-मेमध्ये होतात, आणि परभणीच्या उन्हाळ्यात चालू कूलर काढून देण्याएवढं मन मोठं कुणाचंच नसतं. "कूलरचं मागून बघू" असं ठरतं आणि बैठक पुढं सरकते.

पुढं म्हणजे कुठं, तर बाँडवर. "शंभरच्या बाँडवर लिहून घ्या," असं कुणीतरी सुचवतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्य सरकारनं बऱ्याच दस्तांसाठी शंभर-दोनशेच्या जागी पाचशेचा मुद्रांक लावला, तरी फाट्याच्या तोंडी तो शंभरचाच राहिलाय. 'आम्ही उभयता राजीखुशीने फारकत घेत आहोत, यापुढे एकमेकांच्या जीवनात ढवळाढवळ करणार नाही' असा मजकूर, खाली पंचांच्या सह्या, त्यावर नोटरीचा लाल गोल शिक्का. तो शिक्का बघितला की दोन्ही पार्ट्यांना थेट औरंगाबाद खंडपीठातून निकाल घेऊन आल्यासारखं वाटतं. पंच चहा पितात, मुलाकडचे पान खातात आणि सगळ्यांच्या मते घटस्फोट झालेला असतो.

कायद्याच्या मते झालेला नसतो. हिंदू विवाह कायदा १९५५ चा. त्याच्या कलम २९ मध्ये एखाद्या समाजात रूढीनं चालत आलेल्या काडीमोडीला जागा ठेवलेली आहे हे खरं. कोल्हापुरात तर शाहू महाराजांनी १९१९ सालीच काडीमोडीचा कायदा केला होता. पण रूढी असेल तर ती जुनी, सलग आणि सर्वमान्य आहे हे कोर्टात सिद्ध करावं लागतं. मागच्या मंगळवारी चहाच्या टपरीवर सुरू झालेल्या रूढीला कोर्ट रूढी म्हणत नाही. त्या बाँडची किंमत मुद्रांकावर छापलेली असते तेवढीच.

हे सगळं झाकलेलं होतं ते २०२५ मध्ये एकदम उघडं पडलं. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेत दरमहा दीड हजार घेणाऱ्या बहिणींना सप्टेंबरपासून ई-केवायसी करायला सांगितलं. स्वतःचा आधार झाला की पुढं नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक, आणि त्यांच्या मोबाईलवर येणारा ओटीपी. कागदावर हे फार सोपं दिसतं. पण जिनं नवरा सोडलाय आणि जिचे वडील वारलेत तिनं काय करायचं? ज्या माणसाशी चार वर्षांत अक्षर बोलणं नाही, त्याच्या खिशात ओटीपी वाजणार, आणि तो त्यानं दहा मिनिटांच्या आत प्रेमानं सांगायचा. प्रेमानं सांगण्याइतका संसार जमला असता तर प्रश्नच नव्हता. ही अडचण सरकारच्याही ध्यानात आली. मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढली, आणि विधवा व घटस्फोटित बहिणींनी आपली केवायसी करून मृत्यू दाखला, घटस्फोट प्रमाणपत्र किंवा कोर्टाचा आदेश यांची सत्यप्रत अंगणवाडी सेविकेकडं द्यावी असं ठरलं.

झालं. ज्या अंगणवाडीत पोरांची वजनं घेतली जातात, तिथं मोडलेल्या संसारांची कागदपत्रं जमा व्हायला लागली. कुणी नोटरीचा बाँड आणला. कुणी पोटगीचा हुकूम आणला, कारण पोटगी मंजूर झाली म्हणजे घटस्फोट झाला असा आपल्याकडं पक्का समज आहे. खरं तर पोटगी बायकोला बायको असतानाही मिळू शकते. एकीनं पोलीस ठाण्यात दिलेल्या तक्रारीची प्रत आणली. एकीनं लग्नाचा फोटोच आणला. त्यातला नवरा कात्रीनं नीट कापून काढलेला होता, नुसता फेट्याचा तुरा तिच्या खांद्यावर राहिला होता. पुरावा म्हणून याहून स्पष्ट काय असतं? पण अंगणवाडीच्या ताईंच्या तक्त्यात त्याला रकाना नव्हता.

"ताई, घटस्फोटाचं सर्टिफिकेट कुठं भेटतंय?" हा प्रश्न त्या दिवसांत फाट्यावर कापसाच्या भावापेक्षा जास्त विचारला गेला. लोक ग्रामपंचायतीत गेले. त्यांचं चुकलं असं म्हणवत नाही. जन्म झाला की नोंद तिथं, माणूस गेला की नोंद तिथं, १९९८ च्या कायद्यानं लग्नाची नोंदही तिथंच. मग लग्नानंतरच्या घटनेची नोंद तिथं नसावी? नसते. आपल्याकडं घटस्फोटाची नोंदवहीच नाही. जोडल्याचं प्रमाणपत्र मिळतं, मोडल्याचं मिळत नाही. मिळतो तो कोर्टाचा हुकूमनामा. ग्रामपंचायतीच्या रजिस्टरमध्ये तुमचं लग्न तसंच ठणठणीत उभं असतं, आणि तिकडं कोर्टात ते केव्हाच आडवं झालेलं असतं. दोन कपाटांची एकमेकांशी ओळख नाही. गोव्यात हा घोळ कमी आहे. तिथं पोर्तुगीज अमदानीत १९१० सालीच घटस्फोटाचा कायदा आला, आणि कोर्टानं लग्न मोडलं की नागरी नोंदणीच्या पुस्तकात त्या लग्नाच्या नोंदीवर तसा शेरा पडतो. म्हणजे जिथं जोडलं तिथंच मोडल्याचंही वाचता येतं. आम्हाला पोर्तुगीज लाभले नाहीत, निजाम लाभले.

तर हुकूमनामा. तो कुठल्या कोर्टात आहे हे शोधणं हाच पहिला डोंगर. तालुक्याच्या कनिष्ठ स्तराच्या कोर्टात हा विषय चालत नाही. जिथं कौटुंबिक न्यायालय आहे तिथं त्याच्याकडं, नसेल तिथं दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर यांच्याकडं. आता कुठल्या गावचा वरिष्ठ स्तर? हिंदू विवाह कायद्याचं कलम १९ सांगतं: लग्न जिथं लागलं तिथं, किंवा सामनेवाला जिथं राहतो तिथं, किंवा दोघं शेवटचे एकत्र जिथं राहिले तिथं. २००३ मध्ये यात आणखी एक भर पडली. अर्ज बायकोनं केला असेल तर ती सध्या राहते तिथंही. आता फाट्याचं गणित मांडा. लग्न सेलूच्या मंगल कार्यालयात, नवरा जिंतूरचा, बायको माहेरी मंठ्याला, आणि दोघं शेवटचे एकत्र राहिले चाकणला एका खोलीत, कारण पोरगा तिथं कंपनीत होता. म्हणजे एका संसाराचे तुकडे दोन महसूल विभागांत आणि तीन जिल्ह्यांत. त्यात कुणी हायकोर्टातून केस बदलून घेतली असली तर फाइलनं त्या जोडप्यापेक्षा जास्त प्रवास केलेला असतो.

'बनी तो बनी, नहीं तो परभणी' ही आमच्या जिल्ह्याची म्हण. कुठं जमलं नाही तर परभणी आहेच, असा तिचा अर्थ लोक लावतात. माझ्या मते ती एखाद्या वकिलानंच रचली असावी. ज्यांचं बनलं नाही त्यांना शेवटी परभणी गाठावीच लागते, जिल्हा न्यायालय तिथंच आहे.

दुसरा डोंगर नावाचा. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर पक्षकाराच्या नावानं शोधायची सोय आहे, आणि ती मनापासून चांगली सोय आहे. नावाची किमान तीन अक्षरं आणि वर्ष टाकायचं. पण नाव कुठलं? आमच्याकडं मुलीचं नाव लग्नात बदलायची हौस अजून गेलेली नाही. माहेरची मंगल बोहल्यावर वैष्णवी होते. मग ती अर्जात मंगल असते की वैष्णवी? आडनाव वडिलांचं की नवऱ्याचं? जुन्या पद्धतीच्या अर्जात 'अमुक भ्र. तमुक, वय २८ वर्षे, धंदा घरकाम' असं लिहितात. म्हणजे ज्या माणसापासून सुटायचं त्याचंच नाव सुटकेच्या अर्जात आधी लावायचं. त्यावर इंग्रजी स्पेलिंग. गायकवाड तीन प्रकारांनी लिहिले जातात, वाघमारे दोन प्रकारांनी, आणि टायपिस्टची दुपारची वेळ असेल तर चौथ्या प्रकारानंही. शेवटी कॅप्चा: वाकडीतिकडी अक्षरं ओळखा आणि आपण माणूस आहोत हे सिद्ध करा. घटस्फोटाच्या अर्जात समोरच्या पक्षानं 'हा माणूस नाहीच' असं चार पानं लिहिल्यावर पुन्हा हेच सिद्ध करायला लागणं जरा जड जातं.

समजा, नशिबानं केस सापडली. सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक दिसला. सगळ्या तारखा दिसल्या, प्रत्येक तारखेला काय झालं नाही हेही दिसलं. खाली निकालाचा प्रकार: 'अनकंटेस्टेड'. म्हणजे बिनविरोध! फाट्यावर दोन मोटारसायकली जाळायच्या बाकी राहिलेल्या त्या भांडणाला संगणक बिनविरोध म्हणतो, कारण शेवटच्या टप्प्यात दोघंही थकले आणि कलम १३-ब खाली राजीखुशीनं सह्या करून मोकळे झाले. हे कलम १९७६ च्या दुरुस्तीनं आलं. पहिल्या अर्जानंतर सहा महिने थांबायचं, विचार करायचा, मग पुन्हा यायचं. ही वाट अगदी अटळ नाही, कोर्ट ती माफ करू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये सांगितलं. पण फाट्याचा माणूस पहिल्या अर्जावर सही करून आला की त्याच्या लेखी विषय संपतो. मग सहा महिन्यांनी त्याच्या दुसऱ्या लग्नाची पत्रिका छापलेली असते आणि पहिलं लग्न संकेतस्थळावर 'प्रलंबित' असतं.

मूळ निकाल मात्र तिथं बहुधा उघडत नाही, आणि त्याला कारण आहे. कलम २२. या कायद्याखालचं कामकाज बंद दाराआड चालवायचं आणि त्यातलं काही छापायचं किंवा प्रसिद्ध करायचं नाही. हायकोर्ट किंवा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल तेवढा त्यांच्या परवानगीनं छापता येतो. कुणी मोडलं तर हजार रुपयांपर्यंत दंड. हेतू फार चांगला आहे, माझा त्याला पूर्ण पाठिंबा आहे. मला फक्त ते दार कुठं बंद होतं ते बघायचंय. कारण दाराबाहेर बोर्ड लागलेला असतो, त्यावर अर्जदार आणि सामनेवाल्याची नावं. मग पट्टेवाला दारात येतो आणि ती नावं अशा खड्या आवाजात तीनदा पुकारतो की पलीकडच्या जमिनीच्या दाव्यातले भाऊबंदही उठून बघतात. नवरा समन्स घेत नसेल तर बेलिफ गावात येतो, 'यांचं घर कोणतं' असं पारावर विचारतो आणि शेवटी दाराला नोटीस डकवून जातो. तेवढ्यानंही भागलं नाही तर जाहीर समन्स, म्हणजे वर्तमानपत्रात नाव, गाव, वय आणि अर्ज क्रमांक. ज्या गोष्टीला बाकीच्यांनी छापलं तर दंड, ती आधी कोर्टाच्याच हुकमानं पेपरात छापून येते, आणि त्याच पेपरात फाट्यावरचा हॉटेलवाला भजी बांधून देतो. नंतर दार बंद होतं.

अशा वेळी फाट्यावरचा एखादा जाणकार छातीवर हात ठेवून म्हणतो, "माहितीच्या अधिकारात टाका. तीस दिवसांत घरी येतंय." आमच्याकडं माहितीचा अधिकार हा सगळ्या आजारांवरचा एकच काढा आहे. पण मार्च २०२० मध्ये गुजरात उच्च न्यायालयाच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की कोर्टाच्या फायलींतल्या नकला हव्या असतील तर कोर्टाच्या नियमांनी अर्ज करा, माहिती अधिकारानं नव्हे. जाणकाराला हे सांगितलं की तो म्हणतो, "मग माहितीच्या अधिकारात इचारा की कामून देत नाहीत."

नियमाची वाट नक्कल विभागातून जाते. नक्कल अर्ज लिहायचा, कोर्ट फीचं तिकीट लावायचं, केस नंबर आणि निकालाची तारीख घालायची, पानांप्रमाणं पैसे भरायचे, आणि ठरल्या दिवशी सही-शिक्क्याची प्रत घ्यायची. तुम्ही स्वतः पक्षकार असाल तर तुमचा हक्कच आहे. त्रयस्थ असाल तर शपथपत्र करून कारण दाखवावं लागतं: तुमचा काय संबंध, कशासाठी पाहिजे. 'सहज' हे कारण चालत नाही. 'फाट्यावर पैज लागलीय' हेही नाही.

खरे कळकळीचे त्रयस्थ म्हणजे मुलीचे वडील. दुसरेपणाचं स्थळ आलं, बायोडेटात 'घटस्फोटित (अपत्य नाही)' असं लिहिलंय, आणि बापाच्या पोटात गोळा. कोर्टाचा कागद बघितल्याशिवाय तारीख धरायची नाही यावर आता खेड्यातले बापही ठाम झालेत, आणि हे मला या सगळ्या प्रकारातलं सगळ्यात शहाणपणाचं वाटतं. काही बापांना अपिलाची मुदत टळली का, हेही विचारता येतं. पूर्वी मुलाची शेती किती हे सातबाऱ्यावर बघायचे, आता मुलगा किती मोकळा हे हुकूमनाम्यावर बघतात. कागद मागितला की मुलाकडचे दुखावतात. "आमच्या शब्दावर इश्वास नाही का?" पहिल्या लग्नातही सगळ्यांनी शब्दच दिला होता हे त्यांच्या लक्षात राहत नाही.

यावर आमचे अमेरिकेला जाऊन आलेले एक स्नेही हसतात. तिकडं बहुतेक राज्यांत घटस्फोटाची नोंद ही उघडी नोंद असते. काउंटीच्या क्लार्ककडं जायचं, फी भरायची, शेजाऱ्याच्या घटस्फोटाची प्रत मागायची. कुणी 'का' म्हणून विचारत नाही. इंग्लंडमध्ये तर १८५८ पासूनच्या घटस्फोटांची मध्यवर्ती सूची लंडनला ठेवलेली आहे. मला त्या पद्धतीचा हेवा वाटत नाही. उद्या परभणीच्या कोर्टानं पन्नास रुपयांत कुणाचीही फाइल द्यायला सुरुवात केली तर नक्कल विभागाची रांग फाट्यापर्यंत येईल, आणि त्या रांगेत पक्षकार एकही नसेल.

आणि उघडं पडायची किंमत काय असते ते आपल्याला एका बाईनं केव्हाच दाखवून ठेवलंय. रखमाबाई. अकराव्या वर्षी लग्न लागलेलं, नांदायला जायला नकार, म्हणून तिचा नवरा दादाजी भिकाजी यानं १८८४ मध्ये मुंबई हायकोर्टात दावा लावला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्ही यांनी निकाल तिच्या बाजूनं दिला. अपिलात तो फिरला. १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी सांगितलं, नांदायला जा, नाही तर सहा महिने तुरुंग. तिनं तुरुंग पसंत केला. पुण्या-मुंबईच्या वर्तमानपत्रांनी, पुढाऱ्यांनी आणि लंडनच्या संपादकांनीही तिच्या संसारावर हवं तेवढं लिहून घेतलं. शेवटी १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली आणि ती डॉक्टर व्हायला लंडनला गेली. तिचे निकाल छापील अहवालांत आहेत. फाट्यावर बसून, जिंतूरची गाडी यायच्या आत, ते मोबाईलवर वाचता येतात. एकशे चाळीस वर्षांपूर्वीच्या अनोळखी बाईचा संसार अक्षरशः हातात, आणि शेजारी बसलेल्या गड्याला स्वतःचा सापडत नाही.

आमच्या आजोबांच्या पिढीचं तर विचारूच नका. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख हैदराबाद संस्थानात, कोर्टाचं काम उर्दूत. त्या काळी कुणी फारकतीचं प्रकरण कोर्टात नेलंच असेल तर ती मिसल वाचायला आज नातवाला आधी मौलवी शोधावा लागेल. पण बहुतेकांनी नेलंच नाही. बाई माहेरी आली, राहिली, म्हातारी झाली. तिच्या मोडण्याची नोंद कुणी केली नाही.

आता फाट्यावर अगदी अलीकडं निकाली निघालेलं प्रकरण सांगतो. एका दादांचं दुसरं लग्न जमत आलं होतं. मुलीचे वडील म्हणाले, "नक्कल दाखवा, मग सुपारी फोडू." दादांना काळजी नव्हती. लग्न मोडल्याच्या हुकूमनाम्याची एकेक प्रत कोर्टानं दोघांनाही फुकट द्यावी असं कलम २३ मध्येच आहे, आणि ती त्यांना मिळालेली होती. फक्त ती त्यांनी ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समध्ये जपून ठेवली होती, आणि मागच्या वर्षी ट्रॅक्टर विकला होता. टूलबॉक्ससकट.

मग वकीलसाहेब. त्यांनी वकिली सोडून प्लॉटिंग धरलं होतं आणि जुन्या फायली कुठल्या प्लॉटवर गेल्या ते त्यांना आठवेना. मग नक्कल विभागात चौकशी. केस नंबर? माहीत नाही. निकालाचं वर्ष? दादा विचार करून म्हणाले, "सोयाबीन पाण्यात गेलं त्या वर्षी." कारकुनानं चष्मा काढून पुसला आणि म्हणाला, "कोणत्या वर्षी नाही गेलं ते सांगा, तेवढं सोडून बाकीची रजिस्टरं बघतो." मग माझा मोबाईल. दादांचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव यांचा जोड आमच्या तालुक्यात इतका पिकतो की यादी खाली खाली सरकतच राहिली. त्यात धनादेशाच्या केसा होत्या, बांधाच्या होत्या, एक बैल चोरल्याची होती. दादा ती बैलाची थोडा वेळ निरखून बघत राहिले.

नंबर ज्या कागदावर आहे तो आता जगात एकाच माणसाकडं होता. हॉटेलात सगळे हेच म्हणत होते, आणि दादा चहाचा दुसरा ग्लास मागवून रस्त्याकडं बघत होते. शेवटी त्यांनी फोन लावला. आमच्या आग्रहावरून नव्हे, पण फाट्यावर रेंज कमी म्हणून, स्पीकरवर.

"कोण बोलायलंय?"

"मी."

"मी कोण?"

इथं हॉटेलवाल्यानं गॅस बारीक केला.

दादांनी पूर्ण नाव सांगितलं, वडिलांच्या नावासकट, पुकारा झाल्यासारखं.

"हं. बोला."

"ते आपल्या केसचा नंबर पाहिजे होता. कोर्टाचा."

"काहून?"

"लग्न जमायलंय."

"चांगलं हाय की. करा." थोडा वेळ पिशवीची खसखस. तिच्याकडं टीसी, आधार, पासबुक आणि हुकूमनामा एकाच प्लॅस्टिकच्या पिशवीत होते. लाडकी बहीणच्या वेळी तिचंच काम अंगणवाडीत पहिल्या दिवशी झालं होतं, हे आम्हाला नंतर कळलं. "सापडला. लिहून घेता का?"

दादांनी खिसे चाचपले. मी पेन दिला. कुणीतरी बिडीचं पाकीट फाडून पुढं केलं.

"सांग."

"सांगते. कूलर कधी पाठवायलेत?"

दादांनी आमच्याकडं बघितलं. आम्ही रस्त्याकडं बघितलं.

"त्याची मोटर गेलीय," दादा हळू आवाजात म्हणाले.

"मोटर भरून पाठवा. यादीत लिहिलेलं हाय, पंचाच्या सह्या हायेत. नंबर कुठं पळून जात नाही."

फोन बंद झाला. हॉटेलवाल्यानं गॅस पुन्हा मोठा केला आणि कपबशा विसळता विसळता म्हणाला, "गुरुवारी मंठ्याच्या बाजारला टेम्पो जायलाय, दादा. बुधवारपर्यंत आणून टाका हितं."